सिनेमातले पाण्याखालचे सीन: कोणती चूक हसण्यावारी न्यायची आणि कोणती नाही

प्रश्न असा आला आहे: "आम्ही भुसावळचे चौघे मित्र दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला स्कुबा करायला जातोय. सिनेमात हिरो पाण्याखाली मारामारी करतो, खजिना शोधतो, एका दमात वर येतो. तुम्ही डायव्हर लोक असे सीन बघता तेव्हा मनात काय येतं? त्यातलं खरं किती?"

खरं सांगू का, आम्ही हिरोकडे फारसं बघतच नाही. आमची नजर बुडबुड्यांवर असते. पाठीवर सिलिंडर आहे, तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाला देणारं यंत्र) आहे आणि बुडबुडे मात्र नाहीत, म्हणजे एकतर माणूस दम कोंडून बसलाय किंवा सीन पाण्यात घेतलेलाच नाही. कोरड्या स्टुडिओत धूर सोडायचा, नटाला तारांवर लटकवायचं, पंखा लावून केस उडवायचे, सगळं स्लो मोशनमध्ये घ्यायचं आणि बुडबुडे नंतर कॉम्प्युटरवर चिकटवायचे, ही जुनी युक्ती आहे. चिकटवलेला बुडबुडा ओळखू येतो. खरा बुडबुडा वर जाताना मोठा होत जातो, फुटतो, त्याचे चार होतात. चिकटवलेले बुडबुडे शेवटपर्यंत एकाच मापाचे राहतात.

सिनेमावाल्यांना बुडबुडे म्हणजे कटकट. 'अवतार'च्या २०२२ सालच्या दुसऱ्या भागात नटांच्या हालचाली पाण्याखालीच टिपायच्या होत्या आणि बुडबुड्यांमुळे कॅमेऱ्यांचा गोंधळ होत होता. म्हणून नटांना आणि आसपासच्या माणसांनाही सिलिंडरशिवाय, दम धरून काम करायला शिकवलं. केट विन्स्लेटने सरावात सात मिनिटांहून जास्त दम धरल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. ती खरी आहे. पण तो दम शिक्षक शेजारी असताना, अंग पूर्ण सैल सोडून, जराही हालचाल न करता धरलेला होता. शुद्ध ऑक्सिजन आधी न घेता असा दम धरण्याचा फ्रान्सच्या स्टेफान मिफसूदचा २००९ सालचा विक्रम ११ मिनिटं ३५ सेकंदांचा आहे, आणि तोही पाण्यात निपचित पडून. हातपाय मारायला लागलं की हिशोबच बदलतो. दोन मिनिटं आरामात दम धरणारा गडीही कुणाशी झटापट करू लागला तर अर्ध्या मिनिटात कासावीस होतो.

मी यावल तालुक्यातला. पोहायला विहिरीत शिकलो, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. आता हंगामात कोकण किनाऱ्यावर स्कुबा शिकवतो. २६ मे ते ३१ ऑगस्ट राज्यातल्या जलक्रीडा बंद असतात, तेव्हा गावी येतो. पावसाळ्यात भाचे-पुतणे असले सिनेमे लावतात आणि मला शेजारी बसवून घेतात. माझी आत्या एकदा पडद्याकडे बघत म्हणाली, "याचा दम नही कोंडत का रे भो?" एवढा नेमका प्रश्न मला समीक्षकांच्या लेखातही सापडला नाही.

सिनेमातल्या चुकांचे मी दोन ढीग करतो. एक, ज्यांच्यावर हसून पुढे जावं. दुसऱ्या, ज्या बघून बघून माणसं तशीच सवय घेऊन माझ्या बोटीवर येतात. पहिला ढीग बराच मोठा आहे पण निरुपद्रवी आहे, म्हणून तो पटकन उरकतो.

सिलिंडरला गोळी लागली आणि शार्कच्या चिंधड्या उडाल्या, हा 'जॉज'चा शेवट १९७५ पासून सगळ्यांच्या डोक्यात आहे. 'मिथबस्टर्स' या टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी करून बघितलं, तसं होत नाही. सिलिंडरला भोक पडतं, आतली हवा जोरात सुटते आणि सिलिंडर त्या धक्क्याने रॉकेटसारखं पळतं. आत जळणारं काही नसतंच. आणि हो, त्यात ऑक्सिजनही भरलेला नसतो. पर्यटकांच्या सिलिंडरमध्ये तुम्ही आत्ता घेताय तीच हवा असते, गाळून, कोरडी करून, २०० बारपर्यंत दाबलेली (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाइतका दाब). शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलं तर तोच ऑक्सिजन विषासारखा वागतो, झटके येतात. हिरो तीस मीटर खोलीवर 'ऑक्सिजन संपला' म्हणून ओरडतो तेव्हा आम्ही म्हणतो, बरं झालं बाबा, मुळात नव्हताच.

गोळ्यांचंही तसंच. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. वरून मारलेली रायफलची वेगवान गोळी पाण्यात शिरताच मीटरभरात तुटून-मोडून संपते. उलट पिस्तुलाची संथ गोळी थोडी जास्त आत जाते. पडद्यावर मात्र तीन-चार मीटर खोल पोहणाऱ्या हिरोच्या कानाजवळून गोळ्या पांढऱ्या रेषा काढत जातात. दिसतं छान, तक्रार नाही.

बॉम्बस्फोटातून वाचायला पाण्यात उडी मारणं मात्र बरोबर आहे, स्फोट हवेत होत असेल तर. स्फोट पाण्यातच झाला तर पाणी वाचवत नाही, मारतं. धक्का पाण्यातून लांबवर जातो आणि जिथे जिथे शरीरात हवा आहे तिथे, म्हणजे फुप्फुसं, कान, आतडी, तिथे फाडतो. जिलेटिन टाकून मासे मारणारे महाभाग आपल्याकडच्या नद्यांवर ज्यांनी बघितलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. अंगावर ओरखडा नसलेले मासे पोट वर करून तरंगत येतात.

'थंडरबॉल'मध्ये (१९६५) बॉण्ड सिगारेवढी एक नळी दातात धरून आरामात पोहतो. लष्करातल्या एकाने चौकशी केली म्हणे, की हे यंत्र किती वेळ चालतं? उत्तर मिळालं, तुमचा दम टिकेल तितका वेळ. ही गोष्ट डायव्हर लोक आवडीने सांगतात. गणितही सोपं आहे. अशा नळीत १०० मिलिलिटरची टाकी बसवली आणि २०० बारने भरली, तरी हवा होते २० लिटर. दहा मीटर खोलीवर माणूस ती अर्ध्या मिनिटात संपवेल.

काही चुका नटाचा चेहरा दिसावा म्हणून मुद्दाम केलेल्या असतात, त्या मी माफ करतो. हेल्मेटच्या आत चेहऱ्यावर दिवा लावलेला असतो. खरोखर तसा दिवा लावला तर आतल्या माणसाला स्वतःचं नाकसुद्धा नीट दिसणार नाही, बाहेरचं तर सोडाच. हिरो मास्कशिवाय डोळे उघडून शिलालेख वाचतो, हेही तसंच. डोळ्याची बाहेरची काच हवेत किरण वळवते, पाण्यात तिची ती ताकद जवळपास संपते आणि सगळं धूसर दिसतं. विहिरीत बुडी मारून तळाचं नाणं शोधलेल्या कुणालाही विचारा. मास्क लावला की डोळ्यासमोर हवा येते आणि स्पष्ट दिसतं, पण वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ भासते. त्यामुळे तारकर्लीहून परतलेल्यांचे मासे दरवेळी मोठेच असतात.

रंगाची गंमत बघा. लाल रंग पाण्यात पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो. वीसेक मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट-काळसर दिसतं. लाल रक्ताचा ढग पसरलेला दिसला म्हणजे वर कॅमेऱ्यामागे मोठाले दिवे लागलेत.

आता हवेचा हिशोब, कारण सिनेमात सगळ्यात जास्त पळवाट इथेच काढलेली असते.

नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये ११ लिटर जागा, २०० बार दाब, म्हणजे साधारण २,२०० लिटर हवा. शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरू. पाण्यात दर १० मीटरला एकेक वातावरणाइतका दाब वाढतो आणि प्रत्येक श्वासाला तितकीच जास्त हवा लागते. वर जे सिलिंडर ११० मिनिटं चालेल ते १० मीटरवर ५५, २० मीटरवर सुमारे ३६ आणि ३० मीटरवर २७ मिनिटं. त्यातले शेवटचे ५० बार आम्ही वापरत नाही, ते परत यायचे. माणूस घाबरला, झटापट केली, की खर्च दुप्पट-तिप्पट. म्हणजे ३० मीटरवर मारामारी करणाऱ्या खलनायकाला दहा मिनिटांच्या आत हवा किती उरली ते दाखवणाऱ्या काट्याकडे बघावंच लागेल. सिनेमात काटा एकदाच दिसतो, तो लाल पट्ट्यात गेल्यावर. आम्ही तो दर काही मिनिटांनी बघतो, आणि शेजाऱ्याचाही विचारतो.

खरं तर शेजारी हीच सिनेमात गायब असलेली गोष्ट आहे. हिरो एकटा जातो. आम्ही जोडीने जातो, आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याला द्यायला एक जादा, सहसा पिवळा रेग्युलेटर असतो. कुणी नळी कापली तर हवा लगेच बंद होत नाही, उलट सुसाट सुटते. सिलिंडर रिकामं होईपर्यंत जोडीदाराकडे पोचायला थोडा वेळ मिळतो. एक रेग्युलेटर आळीपाळीने वापरण्याचा रोमँटिक सीन बघताना माझ्या मनात एवढंच येतं, की हिरॉईनचा पिवळा कुठे गेला?

हा झाला पहिला ढीग. आता दुसरा, आणि माझा खरा राग इथे आहे.

सिनेमात माणूस रेग्युलेटरमधून शेवटचा श्वास भरून घेतो, गाल फुगवतो आणि तोंड घट्ट मिटून वर झेपावतो. प्रेक्षकही त्याच्याबरोबर दम धरून बसतात. स्कुबात यापेक्षा वाईट काही करता येत नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे भरलेली सहा लिटर हवा पृष्ठभागावर येईपर्यंत बारा लिटर होऊ बघते. छातीत तेवढी जागा नाही. फुप्फुसाची नाजूक पडदी फाटते, हवा रक्तात शिरते आणि बुडबुडा मेंदूत जाऊन अडकतो. वर येईपर्यंत धडधाकट असलेला माणूस मिनिटा-दोन मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. यासाठी फार खोलही जावं लागत नाही, दीड-दोन मीटरवरून दम कोंडून वर आलेल्यांनाही हे झालेलं आहे. दाबातला सगळ्यात मोठा फरक शेवटच्या दहा मीटरमध्येच पडतो.

इथे विहिरीत वाढलेली आपली पोरं हमखास गडबडतात. त्यांचं म्हणणं बरोबर असतं: "आम्ही दोन परस (दोन पुरुष) खोल पाण्यात बुडी मारून वर येतो, आमचं काही फाटत नही." बुडी मारताना हवा वरूनच भरून नेलेली असते. खाली ती दबते, वर येताना फुगून मूळ मापावर येते, जास्त होत नाही. सिलिंडरची हवा खाली, दाबाखाली भरलेली असते. ती वर येताना बाहेर सोडावीच लागते. पट्टीच्या पोहणाऱ्याला दम धरायची सवय हाडामांसात मुरलेली असते, म्हणून पोहता न येणाऱ्या मावशींपेक्षा त्याच्यावर मला जास्त लक्ष ठेवावं लागतं. मी त्याच्या डोक्याजवळ तरंगत बुडबुडे मोजत असतो. चार-पाच सेकंद बुडबुडा आला नाही की छातीवर दोन बोटांनी टकटक करतो आणि स्वतः मोठ्ठा श्वास सोडून दाखवतो. त्याला वाटतं मी गप्पा मारतोय.

याच कारणासाठी 'बुडालेल्या जहाजात हवेचा कप्पा सापडला' हा सीन मी सावरून बसून बघतो. सिलिंडर नसलेला हिरो त्या कप्प्यात पोटभर श्वास घेतो आणि सरळ वर पोहतो. तो कप्पा ज्या खोलीवर आहे त्या खोलीच्या दाबाची हवा त्यात आहे, म्हणजे पुन्हा तेच. वर येताना सतत हवा सोडत यायला हवं. कप्पा मात्र खोटा नाही. २०१३ च्या मे महिन्यात नायजेरियाच्या किनाऱ्याजवळ एक टग बोट उलटली. तिच्यावरचा स्वयंपाकी हॅरिसन ओकेने समुद्रतळाशी, सुमारे ३० मीटर खोलीवर, अशाच एका कप्प्यात सुमारे ६० तास जिवंत राहिला. मृतदेह काढायला गेलेल्या डायव्हरच्या हाताला त्याचा हात लागला. कुणी पटकथेत लिहिलं असतं तर आपणच हसलो असतो. पण सिनेमात नक्की गाळलं गेलं असतं ते पुढचं: त्याला सरळ वर आणला नाही. इतका वेळ दाबाखाली राहून त्याच्या अंगात हवेतला नायट्रोजन मुरला होता, आणि दाब एकदम उतरला की त्याचे अंगातच बुडबुडे होतात. डायव्हिंग बेलमधून (डायव्हरना वर-खाली नेणाऱ्या पेटीतून) बंद दाबपेटीत नेऊन दाब हळूहळू उतरवावा लागला.

नायट्रोजनचा हा हिशोब सगळ्यांना लागू आहे. आम्ही मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा वेगाने वर येत नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो. ३० मीटरवरून वर यायला सहा-सात मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीच घडत नाही. दिग्दर्शक बिचारा काय करणार! पण वर आल्या आल्या हिरोला हेलिकॉप्टर उचलतं तेव्हा मात्र राहवत नाही. एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, असा नियम आहे. आपल्याला हेलिकॉप्टर कोण देतंय, पण घाट आहे. मालवणहून निघून फोंडा घाट चढलात की पाचशे-सहाशे मीटर उंची आली, म्हणजे हवेचा दाब आणखी उतरला. तुमच्या पाच-दहा मीटरच्या छोट्या ट्रायल डाइव्हला याची भीती बाळगायला नको. कोर्स करून दोन-तीन खोल डाइव्ह मारणाऱ्यांनी मात्र संध्याकाळीच गाडी काढून रात्रीत खान्देश गाठायचा हट्ट करू नये, एक रात्र किनाऱ्यावरच राहावं.

दुसऱ्या ढिगातली आणखी एक चूक खुणेची. सिनेमात हिरो अंगठा वर करून 'मस्त' म्हणतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा. बोटीवर हे तीनदा सांगितलेलं असतं. तरी खाली गेल्यावर पहिला रंगीत मासा दिसतो, माणूस खूश होऊन अंगठा वर करतो आणि मी त्याला इमानदारीत वर घेऊन येतो. वर आल्यावर विचारतो, "काय झालं हो?" तर म्हणे, "काही नही भाऊ, एकदम भारी!" गेलेला वेळ परत मिळत नाही.

मास्क कपाळावर चढवून हिरो बोटीला टेकून संवाद म्हणतो. आमच्यात मास्क कपाळावर म्हणजे माणूस अडचणीत आहे असं समजतात, आणि एक लाट आली की तो मास्क गेलाच. गळ्यात उतरवायचा.

आणि कान. एकाही सिनेमात मी कुणाला नाक दाबून कान मोकळे करताना धड बघितलेलं नाही. विहिरीच्या तळाशी कान दुखतात ते तुम्हाला माहीतच आहे. दुखायच्या आधीच, अर्ध्या-एक मीटरला, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. म्हणून तर मास्कमध्ये नाक असतं. पोहण्याचा गॉगल लावून स्कुबा करणारा हिरो दिसला की समजा सल्लागार ठेवायला पैसे नव्हते.

उलटही असतं. काही सीन साफ खोटे वाटतात आणि असतात खरे. 'गोल्डफिंगर'मध्ये (१९६४) बॉण्ड पाण्यातून येतो, वरचा सूट उतरवतो आणि आत कडक इस्त्रीचे कपडे. लोक हसतात. पण थंड पाण्यासाठी ड्रायसूट असतो, गळ्याशी आणि मनगटाशी घट्ट बंद, आत माणूस कोरडा. त्याच्या कपड्यांची इस्त्री कशी टिकली हा प्रश्न वेगळा. तसंच, हवा शिल्लक असताना घाबरलेला माणूस तोंडातला रेग्युलेटर स्वतःच काढून फेकतो, हा सीन बघून माझा पुतण्या म्हणाला होता, "इतका येडा असतो का कोणी?" असतो. भीती चढली की अंगावरचं सगळं नकोसं होतं, पहिला मास्क जातो, मग रेग्युलेटर. घाबरलेल्या डायव्हरकडे आम्ही समोरून जात नाही ते यासाठीच, तो तुमचाही ओढून काढतो.

पण डायव्हिंगचं जे रूप मला सगळ्यात जवळचं आहे ते सिनेमात येऊच शकत नाही, कारण तिथे काही दिसत नाही. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २०१८ साली बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते. त्यांच्या सुटकेवर रॉन हॉवर्डने 'थर्टीन लाइव्ह्ज' (२०२२) केला. त्या पंगतीतला तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो: मुलांना गुंगीचं औषध देऊन, हात बांधून, सामानासारखं बाहेर काढलं हे त्यात लपवलेलं नाही. समान कुनान हा थायलंडचा माजी नौदल कमांडो सिलिंडर ठेवून परत येताना वारला, तेही आहे. गुहेतलं पाणी उपसण्यासाठी आपल्या किर्लोस्करचे तंत्रज्ञ गेले होते, हे फार कुणाला माहीत नसतं. तरी त्या सिनेमातही चेहरा आणि दोरी दिसण्याइतकं पाणी स्वच्छ ठेवावंच लागतं. खऱ्या गुहेत गढूळ पाणी होतं आणि डायव्हर दोरी हाताने चाचपत जात होते.

ते मला कळतं, कारण पावसाळ्यात आणि त्यानंतर गावी असताना कधीमधी जॅकवेलच्या, म्हणजे नदीकाठच्या पंपाच्या विहिरीच्या, कामाला बोलावणं येतं. तापीकाठच्या गावांच्या पाणीयोजना, लिफ्ट इरिगेशन, यांच्या विहिरीत नदीचं पाणी जिथून येतं ती जाळी तुंबते, नाहीतर फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) अडकतो. पहिल्या दोन मीटरला चहाच्या रंगाचं पाणी, त्याखाली काळोख. टॉर्च लावला तर धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यासारखं होतं, समोर नुसता पिवळा पडदा. म्हणून टॉर्च लावतच नाही, डोळे मिटून घेतो, उलट बरं वाटतं. कमरेला दोरी, दोरीचं टोक वरच्या विश्वासाच्या माणसाच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ढील दे, लागोपाठ झटके म्हणजे ओढ. मग बोटांनी ओळखायचं: ही गंजलेली जाळी, हा नायलॉनच्या जाळ्याचा गुंता, ही साडी, ही निर्माल्याची प्लास्टिक पिशवी, आणि हे लिबलिबीत, हाताने पिळलं की धागे सुटणारं म्हणजे पुरात वाहून आलेलं केळीचं खोड. रावेर-यावलचा केळीचा पट्टा वर असल्यावर दुसरं काय येणार. आमचा खजिना तो. पायाला बांधलेली सुरी सिनेमात खलनायकाच्या पोटात जाते, माझी नायलॉनचं जाळं कापण्यातच बोथट होते.

आणि इथला खरा खलनायक शार्क नसून दाबातला फरक असतो. गेटच्या एका बाजूला दहा मीटर पाणी, दुसऱ्या बाजूला पाइप रिकामा. चौरस सेंटिमीटरला एक किलो जोर. भोक फूट बाय फूट, म्हणजे ३० बाय ३० सेंटिमीटर धरा, तर ९०० किलो. तिथे पाय किंवा पाठ चिकटली तर वरून दहा माणसांनी ओढूनही सुटत नाही, दोन्हीकडचं पाणी सारखं होईपर्यंत काही करता येत नाही. आधी काही दिसत नाही, आवाज नाही, ओढ जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो. जगभरात धरणांवर, कालव्यांवर काम करणारे डायव्हर अशाने गेलेत. एकाही साहसपटात मी हे बघितलेलं नाही, आणि कारण समजतं: कॅमेऱ्याने काय दाखवायचं?

आपल्याकडे त्यात विजेची भर. मोटारींना 'ऑटो' बसवलेला असतो. लाइट गेलेली असते, सगळे म्हणतात उतर बिनधास्त, आणि लाइट आली की मोटार कुणाला न विचारता सुरू होते. त्यामुळे मी पाण्यात उतरायच्या आधी स्टार्टरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज माझ्या हाताने काढतो आणि माझ्याच पिशवीत ठेवतो. वरचे लोक हसतात, "भाऊ, एवढा भरोसा नही का आमच्यावर?" भरोसा आहे. फ्यूज पिशवीतच राहतात.

तर आता तुमच्या तारकर्लीचं. दिवाळीत पाणी पावसाळ्यानंतर निवळत असतं, पूर्ण निवळलेलं नसतं. चांगल्या दिवशी पाच-सात मीटरपर्यंत दिसेल, वाईट दिवशी हाताच्या अंतरापलीकडे थोडंच. पडद्यावरचं निळंशार पाणी अंदमान-लक्षद्वीपकडे, इथे हिरवट. सगळं वीसेक मिनिटांचं काम आहे, आणि त्यातला बराच वेळ श्वास जमवण्यात जाईल. जमला की मग स्वतःच्याच श्वासाचा आवाज मोठा वाटतो. सिनेमावाल्यांनी एवढं मात्र हुबेहूब पकडलंय. बोटीचा आवाज आला तर ती कुठून येतेय हे शोधत बसू नका. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने येतो, दिशा कळतच नाही. वर बघायचं काम आमचं.

चौघांपैकी कुणाला दमा, झटके येण्याचा त्रास, हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहून मोकळे होऊ नका. आदल्या रात्री पार्टी नको. सर्दी झाली असेल तर कान मोकळे होणार नाहीत, दडे बसतील, पडदा फाटूही शकतो. बंद नाकाची गोळी खाऊन उतरायची हुशारीही नको, तिचा असर खाली संपला तर वर येताना पंचाईत होते. त्या दिवशी बोटीवर बसून राहा आणि दुसऱ्या दिवशीचा नंबर मागा. बहुतेक जण देतात.

आणि चौघांपैकी विहिरीत पोहलेले किती, ते उतरायच्या आधी तुमच्या शिक्षकाला सांगा.